ओसरी आणि कोठार

शिधावाटपाच्या दुकानासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या दुकानाचा फारच थोडा भाग दिसत असतो. तराजू दिसतो, पोती दिसतात, भिंतीवर टांगलेला दरफलक दिसतो आणि अलीकडे विक्रेत्याच्या हाताशी असलेले एक लहानसे यंत्र दिसते. त्या यंत्राच्या पडद्यावर आपले नाव उमटले की रांगेतला माणूस निश्चिंत होतो आणि ते उमटले नाही की त्याचा जीव टांगणीला लागतो. नाव उमटले तर ते कोठून आले, आणि न उमटले तर का उमटले नाही, हे त्याला सांगता येत नाही. पुष्कळदा ते विक्रेत्यालाही सांगता येत नाही. ‘वरून येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. हे ‘वर’ म्हणजे नेमके काय, ते कोणत्या भाषेत बोलते आणि पडद्यावरची भाषा व त्या ‘वर’ची भाषा या दोन वेगळ्या का, हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु ज्याच्या घरची चूल त्या यंत्राच्या होकारावर पेटावयाची असते, त्याच्या दृष्टीने तो मुळीच तांत्रिक नव्हे.

संगणकाच्या क्षेत्रात काम करणारी मंडळी या दोन बाजूंना फ्रंट-एंड आणि बॅक-एंड म्हणतात. मराठीत यासाठी नवे शब्द घडविण्याची विशेष गरज नाही. आपल्या जुन्या वाड्यांत ओसरी होती आणि कोठार होते. आलागेला ओसरीवर टेकत असे. त्याचे स्वागत, पानसुपारी, विचारपूस सारे तेथेच होई. कोठाराची किल्ली मात्र घरच्या कर्त्या माणसाच्या कमरेला असे आणि कोठारात किती खंडी धान्य आहे, कोणाला किती द्यावयाचे, कोणाचे किती येणे आहे, याचा हिशेब आतच राही. ओसरीवरचा गडी पाहुण्याचे म्हणणे ऐकून आत जाई व आतून जे मिळेल ते घेऊन बाहेर येई. संकेतस्थळ असो, बँकेचे यंत्र असो की हातातला मोबाइल असो, सगळीकडे हीच व्यवस्था आहे. जे दिसते, ज्याला बोट लावता येते, ती ओसरी. आणि जेथे नोंदी राहतात, नियम तपासले जातात व निर्णय होतो, ते कोठार.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एखाद्या बलाढ्य कंपनीचा दाखला घेण्यापेक्षा रायपूरचा दाखला घेणे अधिक सोयीचे आहे. रायपूर मराठी माणसाला परके नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर शंभरांहून अधिक वर्षे होता. पुढे मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांच्या कारभारात नागपूर आणि रायपूर एकाच कचेरीच्या दप्तरात बांधले गेले. याच शहरात वामनराव लाखे यांनी १९१३ साली सहकारी बँकेची स्थापना केली. त्यापूर्वी, १९०० साली, माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून काढलेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाच्या उभारणीतही लाख्यांचा हात होता. सहकाराचे ते बी आज वेगळ्या रूपाने उगवलेले दिसते. शेतकऱ्यांचे धान सरकारसाठी विकत घेण्याचे काम छत्तीसगडात सहकारी संस्थाच करतात, आणि शिध्याची पुष्कळ दुकानेही अशाच संस्थांच्या हाती आहेत.

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्या वेळची तेथील शिधावाटपाची स्थिती देशातल्या इतर अनेक प्रांतांहून वेगळी नव्हती. गोदामातून निघालेले धान्य आणि गरिबाच्या घरी पोहोचलेले धान्य यांचा मेळ बसत नसे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी जो अंदाज बांधला, त्याप्रमाणे २००४-०५ मध्ये या राज्यातील सुमारे निम्मे धान्य वाटेतच नाहीसे होत होते. २००९-१० मध्ये हे प्रमाण सुमारे एक दशांशावर आले. पाच वर्षांतला हा पालट असाधारण म्हटला पाहिजे. तथापि त्याचे सारे श्रेय संगणकाला देण्याची जी प्रथा पुढे पडली, ती बरोबर नाही. संगणक येण्याआधीच, २००४ च्या एका आदेशाने, दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि स्त्रियांचे बचतगट यांच्याकडे सोपविण्यात आली होती. तांदळावरील दलाली क्विंटलमागे आठ रुपयांवरून तीस रुपये करण्यात आली, म्हणजे प्रामाणिकपणे दुकान चालविणे परवडू लागले. धान्य वाहणारे ट्रक पिवळ्या रंगाने रंगविले गेले, म्हणजे गावात पिवळा ट्रक आला की धान्य आले हे पोराटोरांनाही कळू लागले. यांपैकी एकाही गोष्टीला वीज लागत नाही.

संगणकाचा प्रवेश २००७ च्या धानखरेदीपासून झाला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, अर्थात एनआयसी, या केंद्र सरकारच्या संस्थेच्या रायपूर येथील तंत्रज्ञांनी ही यंत्रणा उभी केली. शेतकऱ्याने खरेदी केंद्रावर धान आणले की त्याची नोंद संगणकात होई आणि तेथल्या तेथे त्याच्या हाती धनादेश पडे. पुढे तेच धान गिरणीत गेले, त्याचा तांदूळ झाला, तो गोदामात आला, गोदामातून दुकानात गेला, या प्रत्येक पायरीची नोंद एकाच कोठारात होऊ लागली. गोदामातून ट्रक निघाला की ज्या नागरिकांनी आपले क्रमांक नोंदविले असतील त्यांना मोबाइलवर संदेश जाऊ लागला. येथे या विषयाचे मर्म आहे. धनादेश, संदेश, संकेतस्थळावरील तक्ता, ही सारी निरनिराळी दर्शनी रूपे होत. त्यांच्यामागील नोंद एकच. जेथे पूर्वी खरेदी केंद्राची वही वेगळी, गोदामाची वेगळी आणि दुकानाची वेगळी असे, आणि या वह्या एकमेकींना कधी भेटत नसत, तेथे आता त्या एकमेकींशी बोलू लागल्या. चोरीला जी जागा मिळत असे ती बहुतांशी या न बोलणाऱ्या वह्यांच्या मधल्या फटीत होती.

ही नोंद जेथे राहते तेथली भाषा कोणती? तिचे नाव एसक्यूएल. तिची पायाभरणी १९७० साली एडगर कॉड या आयबीएम कंपनीतील गणितज्ञाने केली. माहिती नीट आखलेल्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांचा परस्परसंबंध गणिताच्या नियमांनी जोडावा, असा सिद्धांत त्याने मांडला. त्यावरून डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये ही प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तिचा स्वभाव कचेरीतल्या साहेबासारखा आहे. ‘रायपूर जिल्ह्यातील ज्या शिधापत्रिकांवर या महिन्यात अद्याप तांदूळ उचललेला नाही त्यांची यादी, दुकानवार’ एवढे सांगावयाचे. कोणते कपाट उघडावयाचे, कोणते दप्तर आधी चाळावयाचे, हे साहेब सांगत नाही. ते कारकुनाने ठरवावयाचे असते. संगणकातला हा कारकून कधी कंटाळत नाही आणि रजा मागत नाही, एवढाच फरक. अर्धशतक उलटले, संगणकाच्या जगात कित्येक भाषा आल्या आणि गेल्या, पण ही म्हातारी अजून कोठाराच्या दाराशी ठाण मांडून बसली आहे.

तक्त्यांच्या पुढे, पण पडद्याच्या मागे, आणखी एक थर असतो. नियम तेथे राहतात. अमुक प्रकारच्या पत्रिकेला किती किलो, कोणत्या दराने, महिन्यातून किती वेळा, हे ठरविणारा भाग जावा, पीएचपी, पायथन, सी शार्प अशा भाषांत लिहिलेला असतो. यांपैकी पायथन १९९१ सालची. जावा आणि पीएचपी या दोन्ही १९९५ साली लोकांपुढे आल्या. सी शार्प ही नव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. कोणती निवडावी याबद्दल तंत्रज्ञांत जे वाद होतात ते देशस्थ-कोकणस्थांच्या वादाइतकेच जुने आणि तितकेच अनिर्णित आहेत. छत्तीसगडच्या अन्न विभागाच्या संकेतस्थळावरील पानांचे पत्ते ज्यांनी बारकाईने पाहिले असतील, त्यांना अनेकांच्या शेवटी ‘एएसपीएक्स’ ही अक्षरे आढळली असतील. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एएसपी डॉट नेट या चौकटीची ती खूण होय. म्हणजे पाहुण्याला ओसरीवरूनच कोठाराच्या भिंतीचा एक चिरा दिसतो.

आता ओसरीकडे वळावे. न्याहाळक, म्हणजे ज्याला ब्राउझर म्हणतात तो, मुख्यतः तीन भाषा जाणतो. पहिली एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये जागतिक जाळ्याची कल्पना मांडली आणि लगोलग तिच्यासाठी ही भाषा बेतली. खरे पाहता ती आज्ञा देणारी भाषा नव्हे. जुन्या छापखान्यात संपादक हस्तलिखितावर ‘हा मथळा’, ‘हा परिच्छेद’, ‘येथे चित्र’ अशा खुणा करून ते जुळाऱ्याकडे पाठवी, तशा खुणांची ती भाषा आहे. दुसरी सीएसएस, तिची कल्पना होकोन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये मांडली आणि १९९६ च्या अखेरीस ती मान्य झाली. मथळा कोणत्या खिळ्यात, किती मोठा, कोणत्या रंगात, समास किती, हे ती सांगते. तिसरी जावास्क्रिप्ट, आणि हिचा जन्म मोठा घाईचा. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत सिद्ध केला. जावाशी तिचे नाते केवळ नावापुरते. बटन दाबले की काहीतरी घडावे, रिकामी चौकट राहिली तर सूचना उमटावी, यादीतील एक नाव निवडताच त्याच्या खालचा तपशील बदलावा, ही सारी हालचाल तिच्यामुळे होते. एवढ्या घाईत जन्मलेली ही भाषा पुढे साऱ्या जगाच्या ओसऱ्यांवर मिरवू लागली. तिच्या घडणीतल्या काही खोडी मात्र अजून गेलेल्या नाहीत, कारण त्या काढाव्यात तर जुनी पाने मोडतात.

भाषांखेरीज आणखी एक शब्द नेहमी कानी येतो तो फ्रेमवर्क. चौकट असे त्याचे सरळ मराठी रूप. महसुली कारभार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला चौकट म्हणजे काय हे तलाठ्याच्या दप्तरावरून तत्काळ समजेल. महाराष्ट्रातील तलाठी नवीन नोंद करताना रकाने स्वतः आखत बसत नाही. त्याच्यासाठी गाव नमुने एक ते एकवीस ठरलेले आहेत, सात-बारा हे त्यांतलेच दोन. कोणती गोष्ट कोठे लिहावी, एका नमुन्यातून दुसऱ्यात ती कशी न्यावी, हे आधीच ठरलेले असल्यामुळे नव्याने रुजू झालेला तलाठीही जुन्याचे दप्तर वाचू शकतो. फ्रेमवर्क हेच करते. कोठाराच्या बाजूस पायथनसाठी जँगो, पीएचपीसाठी लाराव्हेल, जावासाठी स्प्रिंग, रुबीसाठी रेल्स अशा चौकटी आहेत. जँगोचा जन्म तर अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. २००५ साली ती सर्वांना खुली करण्यात आली. बातमीची घाई काय असते हे ठाऊक असलेल्या लोकांनी ती केली असल्यामुळे काम लवकर उरकण्याकडे तिचा कल आहे. ओसरीच्या बाजूस अँग्युलर, रिअ‍ॅक्ट आणि व्ह्यू ही नावे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी रिअ‍ॅक्ट फेसबुक कंपनीने २०१३ मध्ये सर्वांच्या हाती दिली. काटेकोरपणे पाहता ती पूर्ण चौकट नव्हे, सुट्या भागांची पेटी आहे, असे तिचे जनकच सांगतात. या चौकटींचा एक दोषही सांगितला पाहिजे. नमुना हाती आला की त्यामागचा विचार विसरण्याकडे माणसाचा कल होतो. रकाना का आहे हे न कळता तो भरणारे कारकून कचेरीत असतात, तसे ते संगणकाच्या धंद्यातही असतात.

या साऱ्याची कसोटी रायपूरमध्ये २०१२ साली लागली. तोवर प्रत्येक शिधापत्रिका एका ठराविक दुकानाला बांधलेली असे. विक्रेता उद्धट असो, तराजूत काटा मारणारा असो, ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. त्या वर्षी एनआयसीच्या तंत्रज्ञांनी शहरातल्या काही दुकानांत ‘कोअर पीडीएस’ नावाची व्यवस्था सुरू केली. ग्राहकाच्या हाती स्मार्ट कार्ड, दुकानात मोबाइलच्या जाळ्याने जोडलेले विक्रीयंत्र, आणि पत्रिका कोणत्याही दुकानात चालेल अशी मुभा. ‘मेरी मर्जी’ असे तिचे सुटसुटीत नाव लोकांत रूढ झाले. ओसरीवरून पाहणाऱ्याला यात नवल एवढेच वाटले की कार्ड घातले आणि पावती निघाली. खरा पालट आत झाला होता. पत्रिका कोणत्याही दुकानात चालणार म्हटल्यावर कोणत्या दुकानाला किती धान्य पाठवावे हे आधी ठरविता येईना. ते दररोजच्या विक्रीवरून ठरवावे लागले. शिवाय एक बारीक पण कठीण प्रश्न उभा राहिला. एका पत्रिकेवर नवरा एका दुकानात आणि बायको दुसऱ्या दुकानात एकाच क्षणी धान्य मागू लागली तर? दोन्ही यंत्रांना आत पस्तीस किलो शिल्लक दिसणार, आणि दोन्ही पस्तीस किलो देऊन मोकळी होणार. कागदी वहीत हा घोटाळा महिनाअखेरीस उघडकीस आला असता. कोठाराच्या भाषांत यासाठी एक कडक शिस्त असते. एका व्यवहाराचा हात नोंदीवर पडला की तो पुरा होईपर्यंत दुसऱ्याने थांबावयाचे. आणि व्यवहार एक तर संपूर्ण व्हावयाचा, नाही तर मुळीच व्हावयाचा नाही. अर्धा झालेला व्यवहार, म्हणजे धान्य वजा झाले पण पावती निघाली नाही अशी स्थिती, ती मान्यच करीत नाही. ओसरीवर कितीही सुंदर नक्षी काढली तरी ही शिस्त तेथून आणता येत नाही.

याच ठिकाणी दोन बाजूंमधला सर्वांत महत्त्वाचा फरक ध्यानात येतो, आणि तो भाषांचा नसून विश्वासाचा आहे. ओसरीवरचे यंत्र दुसऱ्याच्या हाती असते. त्याच्यात कोणी खटपट केली, पडद्यावरचा नियम बदलला, तर कोठारात बसलेल्याला ते दिसत नाही. म्हणून चाळीस किलोचा आकडा भरताच पडद्याने ‘मर्यादा पस्तीस किलो’ असे सांगणे ही ग्राहकाची आणि विक्रेत्याची सोय झाली, संरक्षण नव्हे. तोच नियम आत पुन्हा तपासला गेला पाहिजे. हे दुहेरी काम वाटते आणि नवशिके तंत्रज्ञ ते टाळतात. पण ओसरीवरच्या गड्याने ‘मालकांनी सांगितले आहे’ म्हटले म्हणून कोठाराचे कुलूप उघडणारा कोठावळा जुन्या काळीही शहाणा समजला जात नसे.

याच्या उलट बाजूची एक कथा आहे, आणि तिची झळ मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांना सारखीच लागली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तरी आपल्या कचेऱ्यांत कितीतरी वर्षे देवनागरी मजकूर निराळ्याच युक्तीने टंकित होत असे. हिंदी प्रदेशात कृतिदेव, महाराष्ट्रात श्रीलिपी, शिवाजी अशी नाना तऱ्हेची टंकवळणे प्रचारात होती. पडद्यावर अक्षरे उत्तम देवनागरी दिसत. आत मात्र रोमन अक्षरांचेच संकेत साठविलेले असत. कृतिदेवात ‘रायपुर’ असे लिहिले तर संगणकाच्या पोटात जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे एवढीच खूणगाठ पडे. ओसरी मराठी, हिंदी, कोठार अगम्य. अशा नोंदींत एखादे नाव शोधू गेले तर सापडत नसे, अकारविल्हे लावू गेले तर क्रम भलताच लागे, आणि तेच टंकवळण नसलेल्या दुसऱ्या संगणकावर धारिका उघडली तर निरर्थक चिन्हांची रास उभी राही. लक्षावधी नावे युनिकोडमध्ये आणताना कोठे वेलांटी मागे राहिली, कोठे रफार पुढे सरकला. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असे नाव झाले की ते दोन्ही एकाच बाईचे आहे हे यंत्राला पटवून देणे किती जड जाते, हे ज्या कुटुंबाला ते सिद्ध करण्यासाठी तहसिलीत खेटे घालावे लागले त्यालाच विचारावे. दर्शनी बाजू साजरी दिसली की काम झाले असे मानण्याची सवय किती महाग पडते, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या भाषांच्या इतिहासात मिळणार नाही.

छत्तीसगडात पुढे ओसरी अनेकदा बदलली. स्मार्ट कार्डांच्या यंत्रांनंतर दुकानांत टॅब्लेट आले. त्यावर विक्रेता धान्य घेणाऱ्याचे छायाचित्र टिपून ठेवी. त्यानंतर बोटाचा ठसा घेणारी यंत्रे आली. प्रत्येक वेळी विक्रेत्याला नवे शिक्षण, ग्राहकाला नवी धास्ती. पण पत्रिकांची मूळ नोंदवही तीच राहिली, तिच्यातला हिशेब अखंड चालू राहिला. दर्शनी बाजू दर तीन-चार वर्षांनी जुनी होते. पाठची बाजू नीट बांधली तर पिढ्यान्पिढ्या टिकते. रिअ‍ॅक्टच्या आधी जे-क्वेरी घरोघरी होती, आज तिचे नाव निघाले की तरुण तंत्रज्ञ आजोबांची आठवण यावी तसा चेहरा करतात. रायपूर, भिलाई, नागपूर येथील ज्या मुलामुलींना या धंद्यात शिरावयाचे असते ती ‘दोहोंपैकी काय शिकावे’ असे विचारतात, त्या प्रश्नाची एक बाजू ही आहे. दुसरी बाजू अशी की, २००९ साली रायन डाल यांनी नोड ही व्यवस्था तयार केल्यापासून जावास्क्रिप्ट कोठारातही काम करू लागली आणि भाषेवरून बाजू ओळखण्याची सोय उरली नाही. एकाच माणसाने दोन्ही बाजू सांभाळाव्यात अशीही अपेक्षा आता केली जाते. ती वेतन वाचविणाऱ्यांना फार आवडते.

पत्रिका कोणत्याही दुकानात चालावी ही रायपुरातली कल्पना पुढे देशव्यापी झाली. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेची सुरुवात २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोन जोड्यांनी झाली. आंध्र प्रदेश आणि तेलंगणा ही एक, महाराष्ट्र आणि गुजरात ही दुसरी. गंमत अशी की ज्या राज्याने हा प्रयोग २०१२ मध्येच आपल्या राजधानीत करून पाहिला, ते छत्तीसगड या राष्ट्रीय साखळीत अगदी शेवटी शेवटी, २०२२ च्या फेब्रुवारीत जोडले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये आसाम आल्यावर साखळी पुरी झाली. स्वतःचे कोठार स्वतःच्या पद्धतीने उत्तम बांधले असले तरी दुसऱ्यांच्या कोठारांशी बोलावयाचे म्हणजे सर्वांनी मान्य केलेली बोली आणि सर्वांसारखीच यंत्रे लागतात. आज बांधकामावर काम करण्यासाठी नागपूरला किंवा पुण्याला आलेले छत्तीसगडी कुटुंब तेथील दुकानात आपला क्रमांक सांगते, तेव्हा महाराष्ट्रातील ओसरीवरून निघालेला प्रश्न छत्तीसगडच्या नोंदीपर्यंत जातो आणि काही क्षणांत उत्तर घेऊन परततो. बाई छत्तीसगडीत ‘चाउर’ म्हणते, विक्रेता मराठीत ‘तांदूळ’ म्हणतो. आतल्या यंत्रांना या दोन्ही शब्दांशी कर्तव्य नसते, त्यांच्याकडे तांदळाचा एक ठरलेला क्रमांक असतो.

पण उत्तर परतत नाही तेव्हा काय होते, याकडे या विषयाच्या जाणकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विटा वाहून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा यंत्र घेत नाही. हा दोष ओसरीवरचा. पावसाळ्यात मोबाइलचे जाळे कोलमडते. हा दोष वाटेवरचा. नोंदीत नाव चुकीचे पडले किंवा कोणी ते वगळले. हा दोष कोठारातला. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे. पहिल्यासाठी ओळख पटविण्याची दुसरी रीत हवी, दुसऱ्यासाठी यंत्राने तात्पुरती नोंद आपल्याजवळ ठेवून नंतर ती वर पाठवावी, तिसऱ्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याने दप्तर उघडावे. प्रत्यक्षात मात्र तिन्ही वेळा रांगेतल्या माणसाच्या कानी एकच वाक्य पडते, ‘सर्व्हर डाउन है’. जाळ्याच्या मूळ नियमांत हा भेद चांगला सांभाळलेला आहे, हे विशेष. कोठाराकडून येणाऱ्या प्रत्येक उत्तराला एक आकडा असतो. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे विचारणाऱ्याच्या विनंतीत काही चुकले, किंवा विचारलेली वस्तू तेथे नाही. पाचशेच्या घरातला आकडा म्हणजे विनंती कदाचित बरोबर असेल, पण कोठाराचीच प्रकृती बिघडली आहे. यंत्रे एकमेकांशी बोलताना इतकी स्वच्छ बोलतात. ‘तुमचे नाव यादीत नाही’ आणि ‘यादी आत्ता पाहता आली नाही’ या दोन वाक्यांत एक नकार आहे आणि दुसरा केवळ विलंब आहे. पहिले ऐकणाऱ्याने तहसिलीत अर्ज करावयास हवा, दुसरे ऐकणाऱ्याने सायंकाळी पुन्हा यावयास हवे. हे दोन भिन्न आकडे आतून सुखरूप येतात आणि पडद्यावर पोहोचता पोहोचता एक होतात, कारण ओसरी बांधणाऱ्याने दोहोंसाठी एकच वाक्य लिहून ठेवलेले असते.

ते वाक्य बदलावयास अनुभवी तंत्रज्ञाला फार तर एक दुपार लागेल. त्यासाठी नवी भाषा नको, नवी चौकट नको, नवे यंत्रही नको. रांगेत उभ्या असलेल्या बाईला समजेल अशा शब्दांत, दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या ओळींत लिहावयाच्या, आणि नकार असेल तर त्याची छापील पावती तिच्या हाती द्यावयाची, म्हणजे तहसिलीत ती रिकाम्या हाताने उभी राहणार नाही.